तिघांतले दोघे आपलेच

१

माणूस एकदा गेला, की निदान प्रश्न विचारायचं तरी थांबवतो, असा जगाचा अनुभव आहे. त्यामुळे काकू जेव्हा समोर बसून म्हणाल्या, "आमचे हे परवा फिट्सवरची औषधं शोधत होते," तेव्हा तपासनीस बाईंनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पाणी नको मला. आणि वेडही लागलेलं नाही," काकू म्हणाल्या. "ते गेलेत हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये. पण तुमच्या कंपनीला कोणी सांगितलेलं दिसत नाही."

कंपनी सर्चची. लोक चौकोनी पेटीत प्रश्न टाकतात आणि पलीकडून उत्तरं येतात, त्या पेटीची. काकूंचे यजमान तिथे मास्तर म्हणून ओळखले जात. कोणी 'पोटात आग होते' असं लिहिलं तर त्याला अग्निशमन दलाचा नंबर द्यायचा नसतो, हे यंत्राला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मागच्या हिवाळ्यात तेही गेले.

तपासनीस बाई म्हणजे कंपनीतल्या कंपनीत पाहणी करणाऱ्या. तक्रारी, खर्च, लबाड्या, सगळं शेवटी त्यांच्याच टेबलावर येऊन पडे. माघारी सगळे त्यांना 'चाळण' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

काकूंनी फोन पुढे सरकवला. "शेगडीचा बर्नर कुठे मिळतो ते बघायला गेले, तर खाली हे. बघा."

बर्नरच्या दुकानांखाली एक हिरवी पट्टी होती: 'तुमच्या घरच्यांनी अलीकडे शोधलेलं'. त्याखाली मास्तरांचं नाव, चष्म्यातला फोटो, आणि पुढे ओळीने: मायग्रेन. मधुमेह. फिट्स. बाळंतपणाची रजा. परदेशात शिक्षण. दुसरी नोकरी. आणि अगदी शेवटी, रातांधळेपणा. त्यानंतर काही नाही.

"पहिल्यांदा नाव दिसलं ना," काकू म्हणाल्या, "तर क्षणभर वाटलं, आहेत. कुठेतरी बसलेत आणि नेहमीसारखं काहीबाही शोधताहेत. मग वाचलं. आणि असा संताप आला म्हणून सांगू! या माणसाने आयुष्यात कोणाच्या ताटात डोकावून पाहिलं नाही. शेजारच्या घरात भांडण लागलं तर आमची खिडकी बंद करायचे. त्यांच्या नावाने कोण हे धंदे करतंय?"

"शोधते," बाई म्हणाल्या.

"शोधा. पण तुमच्या त्या पेटीत नका शोधू. उद्या तेही कोणाला तरी दिसायचं."

२

काकूंना दिसलेली ती हिरवी पट्टी म्हणजे कंपनीचं नवं फीचर. नाव 'सोबत'.

कल्पना अशी, की माणसाने एकट्याने का शोधावं? आपल्या माणसांनी काय शोधलं, त्यांना काय उपयोगी पडलं, हे उत्तरांशेजारी दिसलं तर काय बिघडलं? म्हणून दोन गोतावळे केले होते. 'घरचे' म्हणून ज्यांची नोंद, त्यांना एकमेकांचे शोध नावानिशी दिसत. 'ओळखीचे' म्हणून ज्यांना निवडावं, त्यांचं मात्र नाव दिसत नसे, नुसता आकडा. 'तुमच्या ओळखीतल्या तिघांनी हे शोधलं.' आणि तिघांपेक्षा कमी असले तर काहीच दिसायचं नाही, असा पक्का नियम. तीन जणांत एकाला कोण ओळखणार?

बाहेरच्या जगाला 'सोबत' पुढच्या आठवड्यात मिळणार होती. तोवर कर्मचारी आणि त्यांच्या घरचे यांच्यावर प्रयोग चालू होता. कोणी तयार आहे का हे विचारलं नव्हतं. सरळ सुरू करून दिलं होतं, आणि ज्याला नको असेल त्याने बंद करावं अशी सोय केली होती, ती सेटिंगच्या सहाव्या पानावर.

बाईंना पहिल्यापासून याचा राग होता. या पेटीपुढे माणूस जे बोलतो ते डॉक्टरपुढे बोलत नाही, आईपुढे बोलत नाही. देवापुढेसुद्धा थोडं सारवून बोलतो. तिची चावडी करायची, आणि वर तिला 'सोबत' म्हणायचं!

पण रागावर तपास चालत नाही. काकूंना दारापर्यंत सोडून बाई परत आल्या तर खुर्चीपाशी दुसरी तक्रार उभीच होती.

ही चितारीण. पडद्यावर काय कुठे दिसावं, कुठला रंग, केवढी अक्षरं, हे ठरवणारी मुलगी. कंत्राटावर होती, हाताला अशी गुणी, की तिने आखलेलं पान बघून विरोधकही गप्प बसत. उद्या संध्याकाळी मालक कायम होणाऱ्यांच्या यादीवर सही करणार होते. यादीत तिचं नाव पहिलं होतं. आज ते नव्हतं.

"कारण काय दिलं?"

"दीर्घकालीन उपलब्धतेबद्दल शंका." तिने पाठ केल्यासारखं म्हटलं. "म्हणजे काय हो, ताई? मी काय सुटं सामान आहे, उपलब्ध असायला?"

"तुझी उपलब्धता कशाने अडणार होती?"

बाईंनी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. हातात काकूंच्या फोनवरून उतरवून घेतलेले शब्द होते, ते त्या नुसत्याच पुटपुटत होत्या. मायग्रेन, मधुमेह, फिट्स...

"...रातांधळेपणा," बाई म्हणाल्या, आणि चितारीण खुर्चीचा हात धरून खाली बसली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

३

दोन तक्रारी आल्या वेगवेगळ्या दारांनी, आणि बसल्या एकाच पाटावर.

चितारिणीच्या डोळ्यांचं दुखणं हळू चालणारं होतं. अंधारात आत्ताच कमी दिसे. उजेडात अजून पुष्कळ वर्षं हाताशी होती. उपचार होते, साधनं होती, पण महाग. कंपनीचा विमा ती सगळी देई, फक्त कायम असलेल्यांना. नोकरी गेली तर नुसता पगार जाणार नव्हता.

"कोणाला बोलली होतीस?"

"एकालाच. टपालला."

बाईंनी कपाळाला हात लावला. टपाल म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. नाव उगाच पडलं नव्हतं. त्याला एखादी गोष्ट सांगितली की ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत गच्चीवर पोचलेली असे.

"मला माहितीये तुम्ही काय म्हणणार," चितारीण म्हणाली. डोळे भरले होते, पण स्वर कडक होता. "भाऊ म्हणत होते मी त्याला. आता त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला."

टपाल आला तो आधीच रडवेला होऊन.

"बाई, शप्पथ! माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मान्य. पण हे भिजलं! तिने सांगितलं त्या दिवसापासून मी जेवायलासुद्धा एकटा बसतो, चुकून निघायला नको म्हणून. लोकांना वाटतं माझं घरी भांडण झालंय."

"मास्तरांच्या खात्याचा पासवर्ड तुला माहितीये?"

"तो कोणाला माहीत नाही? अख्ख्या टीमला पाठ आहे. मास्तरांनी बरोबर म्हटलं ते उत्तर बरोबर, अशी आमची मापंच त्यांच्या खात्यावर लावलेली. ते गेल्यावरही, नवं काही न शोधता, जुनी मापं ताडायला तेच वापरायचं ठरलं."

"कोणी ठरवलं?"

"ठरलं," टपाल म्हणाला.

मग बाई निवड समितीकडे वळल्या. समितीत तिघे होते: या फीचरचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत; माणसांची भरती-रजा बघणाऱ्या मावशी; आणि यंत्रांच्या किल्ल्या सांभाळणारा किल्लेदार. 'ती टिकणार नाही, तब्येतीचं काहीतरी आहे' असं बैठकीत कोणीतरी बोललं होतं.

मावशींनी बाईंना बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. "अगं, विषय निघाला बघ."

"कोणी काढला?"

"निघालाच. एवढ्या बोलण्यात कोणाचं काय, कुठे लक्षात राहतंय?"

विषयाला पाय असतात आणि तो आपणहून निघतो, हे बाईंनी नोकरीत पुष्कळदा ऐकलं होतं. तो कोणाच्या घरून निघाला ते मात्र कोणी सांगत नाही.

"मास्तरांचं खातं बंद का नाही केलंत?"

मावशींनी पदराने डोळे टिपले. "मी निरोप लिहून ठेवला होता गं. पण टीमकडून आलं, राहू द्या म्हणून. मलाही जिवावरच आलं होतं. ते गेले त्या दिवशी काकूंपाशी मीच बसले होते रात्रभर. त्यांच्या फोनवर ही 'सोबत' कशी बघायची तेही मीच दाखवलं, मास्तर होते तेव्हा. किती हसत होते दोघं! ह्यांनी दिवसभर काय काय शोधलं, ते काकू जेवताना वाचून दाखवायच्या."

किल्लेदाराची खोली थंडगार होती आणि माणूस त्याहून थंड.

"मी किल्ल्या सांभाळतो, बाई. माणसं नाही."

"विषय कोणी काढला?"

"मी खाली मान घालून बसलो होतो. मला बैठकीत झोप येते. विचारा कोणालाही."

"तुला सगळ्यांचे शोध बघता येतात?"

"येतात," तो म्हणाला. "सगळ्यांचे. तुमचेसुद्धा. आणि बघितले तर कोणाला कळणारही नाही. घ्या लिहून." मग थोडं थांबून, जरा माणसात येऊन म्हणाला, "म्हणून तर बघत नाही. एकदा बघितलं की मग रोज बघावंसं वाटेल, आणि त्या माणसासमोर चहा पिणं अवघड."

बाई दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला. "साहेबांना भेटलात? नाही ना? भेटून या. आज त्यांना तुमची फार काळजी लागलीये."

४

साहेबांचं दालन सगळं काचेचं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कोणीच एकटं शोधत नाही.

"बाई, तुम्ही वय झालेल्या माणसासारखं घाबरता," साहेब हसून म्हणाले. ते स्वतः बाईंपेक्षा मोठे होते. "लोकांना माणसं हवीयेत. यंत्राचं उत्तर कोरडं. पण माझ्या ओळखीच्या तिघांनी हाच दवाखाना शोधला म्हटलं, की कसा धीर येतो! मी माणसं जोडतोय."

"आणि त्या तिघांना?"

"त्यांची नावं मलासुद्धा दिसत नाहीत. मलासुद्धा! तिनाचा नियम मीच घातला. फसवायला जागाच नाही. चाचणीचं खोटं खातं टीमला एकच दिलंय, बाहुली नावाचं. दोन दिली असती तर कोणी खेळ केला असता. बाकी सगळी हाडामांसाची माणसं लागतात."

"मास्तरांचं खातं चालू आहे."

"असणारच. मापं आहेत ना त्यावर." साहेबांनी खुर्ची जरा फिरवली. "फार कामाचा माणूस. सकाळी पहिला यायचा, दिवे मालवून जायचा. सडाफटिंग माणूस, हीच त्याची खोली, हेच गणगोत. तो असता तर म्हणाला असता, वापरा बिनधास्त. त्याचं काही अडत नाही आता, आणि कोणाला त्रासही नाही."

"चितारिणीच्या तब्येतीचा विषय कोणी काढला?"

"निघाला," साहेब म्हणाले. "टपालकडून आलं असेल कोणाच्या कानावर. त्याचं तोंड तुम्हाला माहीतच आहे. हे बघा, मुलगी गुणी आहे. पण डोळ्यावर चालणारं काम. उद्या काय, हा विचार कोणीतरी करायला हवाच ना."

बाईंनी मान डोलावली. आतापर्यंत त्या फक्त तब्येत म्हणाल्या होत्या. डोळे साहेब म्हणाले. पण त्यात पकडण्यासारखं काही नव्हतं. बैठकीत डोळ्यांचं नाव निघालं असेल तर तिघांनाही ते माहीत असणार.

अडचण वेगळीच होती. मास्तरांचं खातं वापरून कोणीतरी रोगांची नावं शोधली, हे खरं. पण त्याने चितारिणीचे डोळे कसे कळणार? मास्तरांच्या नावाने 'रातांधळेपणा' टाकला तर मिळणार रातांधळेपणावरचे लेख. मुलीचं नाव थोडंच मिळणार? नावं दिसत नाहीत, तीन असल्याशिवाय आकडाही दिसत नाही. साहेबांचा नियम खरोखरच पक्का होता.

मग चोर शिरला कुठून?

५

घरी गेल्यावर बाई जिन्यातच चपला विसरल्या. नणंदेने त्या उचलून आणल्या.

"वहिनी, आज अगदीच हरवलीयस. बस, चहा टाकते. पण थांब, आधी एक गुन्हेगार दाखवते तुला." नणंद त्यांच्याकडेच राही, दिवसभर घरून शिकवण्या घेई आणि संध्याकाळी भावाला पकडी. तिने मोरीकडे बोट दाखवलं. "किती कप आहेत विसळायला?"

"तीन."

"सकाळी निघताना सगळे घासून ठेवले होते मी. दुपारी तू जेवायला आलीस तेव्हा एक तू प्यायलीस, एक मी. मग तिसरा कोणाचा?"

आतून वर्तमानपत्र खडखडलं.

"डॉक्टरांनी चहा बंद केलेल्या माणसाचा!" नणंद ओरडली. "दादा, दोन आपलेच असले की तिसरा ओळखायला पोलीस लागत नाहीत!"

"अगं, अर्धाच कप होता," आतून उत्तर आलं.

बाई जागच्या उठल्या. "काय म्हणालीस?"

"अर्धा नव्हता, वहिनी, त्याला फूस देऊ नकोस."

"त्याच्या आधी. दोन आपलेच असले की...?"

दोन आपलेच असले की तिसरा ओळखायला लागतोच किती वेळ! बाईंनी पुन्हा खुर्चीत बसून मनातल्या मनात मांडणी केली. समजा, मी ओळखीच्यांत तिघांनाच घेतलं: बाहुली, मास्तर आणि चितारीण. बाहुली म्हणजे मीच. मास्तर म्हणजेही मीच. आता या दोघांच्या नावाने 'मधुमेह' शोधायचं, आणि मग माझ्या खात्यातून बघायचं. पट्टी आली नाही, म्हणजे तिसरीने तो शोध घेतलेला नाही. चला पुढचा. फिट्स? नाही. बाळंतपण? नाही. रातांधळेपणा टाकला, आणि पडद्यावर हसत उगवलं: 'तुमच्या ओळखीतल्या तिघांनी हे शोधलं.'

तिनाचा नियम जसाच्या तसा पाळून, एकही कुलूप न तोडता, माणूस एका मुलीच्या औषधाच्या कपाटात हात घालून आला होता.

"वहिनी, चेहरा का असा लाल झालाय?"

"संताप आलाय."

"अर्ध्या कपावरून?" वर्तमानपत्रामागून काळजीने विचारणा झाली.

चहा थंड झाला. पण तो निवेपर्यंत टपाल आणि समिती मिळून चारांतले दोघे बाईंच्या हिशेबातून वजा झाले होते. राहिले दोन. आणि त्यातला एक कोण, हे ठरवायला फक्त एक दार उघडावं लागणार होतं.

६

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत लांब टेबल, त्यावर सहीसाठी ठेवलेली यादी, आणि भोवती मंडळी: साहेब, मावशी, किल्लेदार, टपाल, त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून चितारीण.

"लवकर," मालक म्हणाले. "यादीत एक नाव कमी-जास्त झालं तर एवढा गाजावाजा?"

बाईंनी युक्ती समजावून सांगितली. कपांसकट सांगितली. मावशींचा हात तोंडावर गेला. किल्लेदार पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसला.

"म्हणजे मास्तरांच्या आडून हिला चाचपलं कोणीतरी," बाई म्हणाल्या. "आता चाचपतो कोण? ज्याला माहीत नाही तो. ज्याला दुखणं डोळ्यांचं आहे हे ठाऊक, तो मधुमेहापासून सुरुवात कशाला करेल? टपालला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने केलेलं नाही. आणि त्याने कोणाला सांगितलंही नाही; सांगितलं असतं तर त्या माणसालाही चाचपावं लागलं नसतं."

टपालने नाक ओढलं. चितारिणीने त्याच्याकडे पाहिलं, मग उठून मधल्या दोन खुर्च्या ओलांडून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"किल्लेदाराला तर हा द्राविडी प्राणायाम करायची गरजच नाही. कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, तो दाराच्या फटीतून दाणे वेचत नाही."

"आभारी आहे," किल्लेदार म्हणाला.

"मग राहिलो मी आणि साहेब," मावशी घाबरून म्हणाल्या. "अगं, पण मला ते बाहुलीबिहुली..."

"थांबा, मावशी." बाईंनी उठून दार उघडलं. "या."

आत आलेल्या स्त्रीने साधी सुती साडी नेसली होती आणि फोन दोन्ही हातांत धरला होता. मावशी लगबगीने उठल्या, "काकू, तुम्ही? या, बसा." किल्लेदाराने उभं राहून खुर्ची ओढली. टपाल पाया पडायला वाकला. मालकांनीसुद्धा हात जोडले. ते अंत्ययात्रेला गेले होते.

त्या खोलीत एकट्या साहेबांनी विचारलं, "या कोण?"

७

उत्तर काकूंनीच दिलं.

"तुमच्या शेजारच्या खोलीत अकरा वर्षं बसत होता ना एक माणूस? त्याची बायको."

साहेबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काल तुम्ही मला म्हणालात, मास्तर सडाफटिंग," बाई म्हणाल्या. "मावशींनी काकूंना 'सोबत' स्वतः लावून दिली होती. मास्तरांच्या नावाने काहीही शोधलं की ते काकूंना नावानिशी दिसणार, हे त्यांना पक्कं माहीत. त्या वाटेल ते करतील, पण हे खातं नाही वापरणार. ते वापरेल तो एकच माणूस: ज्याला वाटतं की मास्तरांना घरच नव्हतं. साहेब, माणसं जोडायचं यंत्र बनवायला बसलात, आणि भिंतीपलीकडच्या माणसाला बायको आहे की नाही, हे विचारायला तुम्हाला अकरा वर्षांत सवड झाली नाही!"

"मी चाचणी घेत होतो," साहेब म्हणाले. "नियमात कुठे भोक आहे का, ते बघणं माझं काम आहे."

"भोक सापडलं की बुजवतात. तुम्ही त्याला डोळा लावून बसलात."

"मी कंपनीचंच हित बघितलं. उद्या हिला दिसेनासं झालं तर—"

"माझं दिसणं तुम्ही कोण मोजणार?" चितारीण म्हणाली. ओरडली नाही, म्हणून जास्त लागलं. "माझ्या कामात चूक काढा. समोर बसून विचारा, सांगितलं असतं मी. मेलेल्या माणसाचा हात धरून माझ्या उशीखाली काय चाचपता?"

मालकांनी घसा साफ केला. मालक समजूतदार होते, म्हणजे भांडण कोणत्या बाजूने स्वस्तात मिटेल ते त्यांना चटकन समजे. "हे पाहा, झालं ते वाईट झालं. मुलीचं नाव परत घालू. पण 'सोबत' पुढच्या आठवड्यात निघतेय, तिला धक्का नको. शेवटी लपवण्यासारखं काही नसलं, तर माणसाने भ्यायचं कशाला?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा संगणक स्वतःकडे वळवला. "किल्लेदार, तुझं खातं देतोस जरा?"

"घ्या."

"हे एक. बाहुली दुसरी. दोन आपलेच झाले. आणि तिसरे," बाईंनी एक नाव टाकलं, "मालक. प्रयोगात तुम्हीही आहात. सहाव्या पानावर जाऊन बंद केलेलं दिसत नाही." त्यांची बोटं पेटीवर थांबली. "काय टाकू? हृदयाचे डॉक्टर? घटस्फोटाचे वकील? कंपनी विकायची झाली तर काय किंमत येते? एकेक करून बघू. चार-पाच प्रयत्नांत काहीतरी लागेलच."

मालकांच्या कपाळावर घाम आला होता. तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाला आला, हे बाईंनी मुद्दाम पाहिलं नाही.

मालकांनी हात पुढे करून पडदा मिटला.

"पुरे," ते म्हणाले. "'सोबत' निघणार नाही."

साहेबांना त्याच दुपारी रजेवर पाठवलं. रजा पगारी होती, हे बाईंनी पाहिलं आणि दात आवळले; त्याचं भांडण त्यांनी सोमवारसाठी राखून ठेवलं. मास्तरांचं खातं बंद करायला किल्लेदार काकूंना आपल्या थंड खोलीत घेऊन गेला. शेवटचं बटण त्यांनाच दाबू दिलं, आणि त्या रडत होत्या तोवर कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

मावशी मात्र कामाला लागल्या होत्या. नेमणुकीचं पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहून पडद्यावर आणलं. "घे गं बाई, वाच आणि या पेनने पडद्यावरच सही कर. मग मालक करतात."

चितारीण पुढे झाली. सगळ्यांसमोर तिने अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, एकेक ओळ पडदाभर झाली. मग ती सावकाश वाचू लागली, आणि एका ओळीशी थांबली.

"'विशेष सहानुभूती म्हणून सेवेत कायम करण्यात येत आहे.' हे काढा."

"अगं, चांगला शब्द आहे," मावशी कुजबुजल्या. "मालकांनीच सांगितला."

"काढा."

"मग काय लिहू?"

"काम पाहिलं, पसंत पडलं, म्हणून घेतलं. दुसरं काही नको."

मावशींनी मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीबाहेर बघत होते. चितारिणीने कोणाकडेच पाहिलं नाही. ती पडद्यासमोर उभी राहिली, आणि तो शब्द एकेका अक्षराने मागे सरत पुरता पुसला जाईपर्यंत तिने पेन हातात घेतलं नाही.